शास्त्रीय नोंदींची देवघेव

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनात चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा त्यांच्या मनात ‘पूर्वीची शाळा व हल्लीची शाळा’ असा एखादा विषय असावा. निवृत्त शिक्षकाकडून दुसरे काय अपेक्षावयाचे? तो विषय आम्ही पुढील वर्षाच्या वक्त्यासाठी शिल्लक ठेवला आहे. आपल्या ज्ञातीतील काही मुलेमुली आता संशोधनाच्या मार्गास लागली आहेत आणि त्यांच्या तोंडी ‘डेटा’ हा शब्द नित्य असतो. मराठीत त्यास कोणी ‘विदा’ म्हणतात. आम्ही आपले ‘नोंदी’ म्हणू. कोणी काही मोजले, पाहिले आणि लिहून ठेवले, ती नोंद. एका शास्त्राच्या माणसाने केलेली नोंद दुसऱ्या शास्त्राच्या माणसास आडकाठी न घालता वापरू द्यावी काय, दिल्यास काय घडते, आणि कोणती नोंद उघडी करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, एवढेच आज सांगावयाचे आहे. आम्ही मॅट्रिकपलीकडे शिकलो नाही. परंतु ३८ वर्षे हजेरीपट लिहिल्यामुळे नोंद म्हणजे काय, हे थोडेफार कळते.

मुंबईतील कुलाब्याच्या वेधशाळेपासून आरंभ करू. ईस्ट इंडिया कंपनीने ती १८२६ साली बांधली. आकाशातील वेध घेऊन बंदरातील जहाजांस अचूक वेळ पुरविणे हा तिचा मूळ उद्देश. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आणि हवामानाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला, आणि केरूनाना छत्रे तरुणपणी तेथेच कामास होते, ही गोष्ट आपणांपैकी थोड्यांस ठाऊक असेल. चुंबकाच्या नोंदी घ्यावयाच्या म्हणजे साहाय्यकाने पाळीप्रमाणे रात्री-अपरात्री उठून टांगलेल्या चुंबकाची स्थिती पाहावयाची आणि तासातासाला वहीत आकडा लिहावयाचा. या कामाइतके कंटाळवाणे काम दुसरे नसेल. त्या काळी या आकड्यांचा उपयोग मुख्यतः होकायंत्राच्या भरवशावर चालणाऱ्या जहाजांस, आणि पृथ्वी हा एक मोठा चुंबक कसा आहे याचा विचार करणाऱ्या मूठभर विद्वानांस.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन नावाचे ज्योतिर्विद दुर्बिणीतून सूर्यावरील डाग कागदावर उतरवीत होते. डागांच्या एका पुंजक्यावर अकस्मात डोळे दिपविणारा प्रकाश उमटला आणि चार-पाच मिनिटांत मावळला. त्यानंतर सतरा-अठरा तासांत पृथ्वीवर चुंबकीय वादळ येऊन थडकले. तारायंत्राच्या तारांतून आपोआप वीज वाहू लागली. अमेरिकेत एके ठिकाणी तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडविल्या, तरी संदेश जातच राहिले. अनेक देशांतील चुंबकमापकांचे वाचन मोजपट्टीच्या बाहेर गेले आणि ऐन वादळाची त्यांची नोंद अपुरी राहिली. कुलाब्याचा साहाय्यक मात्र वहीत लिहीत होता. यंत्र बेचैन झालेले पाहून त्याने तासाची वाटही पाहिली नाही, काही काही मिनिटांच्या अंतराने वाचने घेतली. पृथ्वीचे आडवे चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरले, असे त्या आकड्यांवरून निघते. एरवीच्या मोठ्या वादळांत ही घसरण काही शेकड्यांतच असते.

वेधशाळेचे आकडे पुस्तकरूपाने छापून प्रसिद्ध झाले, आणि ती पुस्तके ग्रंथालयांच्या फळ्यांवर जाऊन बसली. जवळजवळ दीडशे वर्षे गेली. २००३ साली अमेरिका, ब्राझील व आपली भारतीय भूचुंबकत्व संस्था येथील चार शास्त्रज्ञांनी मिळून त्या १८५९ च्या वादळाचा हिशेब पुन्हा मांडला आणि त्यासाठी कुलाब्याचे आकडे घेतले. विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या ठिकाणचे, ऐन वादळातले आणि न तुटलेले आकडे ही मोठी दुर्मिळ चीज होती. आजवरच्या यांत्रिक नोंदींतील ते सर्वांत प्रचंड चुंबकीय वादळ होते, हा निष्कर्ष निघाला.

आता या निष्कर्षाचे गिऱ्हाईक कोण, ते पाहा. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात अशाच, पण पुष्कळच लहान, वादळाने सगळे वीजजाळे दीड मिनिटात कोसळले आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. तेव्हापासून वीजमंडळांच्या इंजिनियरांस पडलेला प्रश्न असा, की अधिकात अधिक केवढे वादळ येऊ शकते? रोहित्रे किती बळकट ठेवावीत? उपग्रह सोडणाऱ्यांसही हाच प्रश्न. २०१३ साली लंडनच्या लॉइड्स या विमासंस्थेने उत्तर अमेरिकेच्या वीजजाळ्यावरील या संकटाचा अहवाल काढला, त्याचे मोजमापही १८५९ च्या वादळावरच बेतलेले आहे. चुंबकशास्त्राने लिहिले, सूर्याचा अभ्यास करणाऱ्यांनी वाचले, इंजिनियराने उचलले आणि विमेवाल्याने त्यावर हप्ता बसविला! कुलाब्याच्या त्या साहाय्यकाने विजेचा दिवासुद्धा पाहिलेला नव्हता. आपल्या आकड्यांचा हा उपयोग होईल असे त्यास विचारून कोणी सांगता आले असते काय? म्हणूनच, ‘या नोंदीचा उपयोग काय ते आधी दाखवा, मग ती जपू’, असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याशी आमचे कधी जमले नाही.

याच वेधशाळेची आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, आणि विजेच्या प्रवाहाने चुंबकाची वाचने बिघडणार हे उघड होते. नानाभाई मूस हे तेव्हा वेधशाळेचे प्रमुख, आणि त्या जागेवर बसलेले पहिले भारतीय. त्यांनी अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा उभी केली. इमारतीत लोखंडाचा अंश येऊ दिला नाही. १९०४ साली अलिबागेचे काम सुरू झाले, परंतु कुलाब्याचे त्यांनी लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी वाचने घेतली, म्हणजे कुलाब्याचा आकडा अलिबागेच्या आकड्यात कसा बसवावयाचा हे पुढच्यास समजावे. ट्रामगाडी १९०७ साली धावली. या दोन वर्षांच्या दुहेरी खटाटोपामुळे १८४० च्या दशकापासूनची माळ अखंड राहिली. घर बदलताना जुन्या व नव्या पत्त्यावर काही दिवस दोन्हीकडे टपाल घेणारा शहाणा गृहस्थ असतो, त्यातला हा प्रकार.

अशी उदाहरणे परदेशात पुष्कळ आहेत. जपानमधील क्योतो शहरी चेरीचा फुलोरा केव्हा आला, याच्या तारखा दरबारी मंडळींच्या व भिक्षूंच्या रोजनिशींत नवव्या शतकापासून सापडतात. लिहिणाऱ्यांस फुले पाहण्याच्या मेजवानीची तारीख तेवढी हवी होती. आज हवामानाचे अभ्यासक त्याच तारखांवरून बाराशे वर्षांतील वसंताची ऊब मोजतात. २०२१ साली तेथे २६ मार्च रोजीच पूर्ण बहर आला, आणि इतक्या लवकर तो त्या साऱ्या यादीत कधी आलेला नव्हता. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात तर अमेरिका आणि रशिया एकमेकांकडे संशयाने पाहत असताही दोघांनी आपापल्या नोंदी जागतिक नोंदकेंद्रांत ठेवल्या. असो.

प्रथिनांच्या पेढीविषयी मात्र थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. आपल्या शरीरातील प्रथिने म्हणजे लांबच लांब साखळ्या. त्या विशिष्ट रीतीने दुमडल्या की त्यांचे काम सुरू होते. ही घडी कशी आहे हे क्ष-किरणांच्या साहाय्याने शोधून काढावयास पूर्वी एका प्रथिनामागे कित्येक वर्षे जात. १९७१ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ‘प्रोटीन डेटा बँक’ निघाली, तेव्हा तिच्यात ठेवी होत्या अवघ्या सात. पेढी म्हटली तरी येथे व्याज नाही. ठेव ठेवणाऱ्यास काही मिळत नाही आणि काढून नेणाऱ्यास काही द्यावे लागत नाही. आरंभी देणारे थोडे, हात आखडणारे फार. पुढे शास्त्रीय नियतकालिकांनीच आग्रह धरला की, आधी पेढीत आकडे ठेवा आणि मग निबंध छापा. ठेव खरी की खोटी हे पारखताना आजही एक आलेख लावून पाहतात, तो मद्रासचे गो. ना. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनी १९६३ साली प्रसिद्ध केला. २०२३ पर्यंत ठेवींची संख्या दोन लाखांवर गेली.

मग या पेढीवर निराळेच लोक आले. ते संगणकवाले होते. त्यांनी साऱ्या ठेवी यंत्रास शिकविल्या आणि साखळीवरून घडीचे अनुमान करणारी ‘अल्फाफोल्ड’ नावाची रीत सिद्ध केली. २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अर्धे डेव्हिड बेकर यांना, आणि अर्धे अल्फाफोल्डचे डेमिस हसाबिस व जॉन जम्पर यांना मिळाले. सुमारे २० कोटी प्रथिनांच्या घड्यांची त्यांची अनुमाने आता जगास खुली आहेत. आमचा एक जुना विद्यार्थी अशाच एका प्रयोगशाळेत काम करतो. तो म्हणाला, “गुरुजी, पन्नास वर्षे ज्यांनी एकेक स्फटिक वाढविला, त्यांचे नाव कोठे?” प्रश्न रास्त आहे. ज्याने शेत नांगरले त्याला सुगीच्या दिवशी पंगतीबाहेर बसविल्यासारखे ते होते. नोंदी खुल्या कराव्यात असे सांगणारे पुष्कळ विद्वान या तक्रारीकडे कानाडोळा करतात. ते आम्हांस पसंत नाही. निबंधास जसा लेखक असतो तसा नोंदीसही कर्ता असतो. जो ती वापरील त्याने कर्त्याचे नाव घ्यावे, आणि नोकरीत बढती देणाऱ्याने ते नाव मोजावे. आपल्या देशात अजून निबंधांची संख्या मोजतात, नोंदवहीस कोणी गुण देत नाही. तरीही, गुण मिळेपर्यंत वही कुलपात ठेवणे हा त्यावर उपाय नव्हे. टायको ब्राहे यांनी आयुष्यभर घेतलेले मंगळाचे वेध १६०१ साली त्यांच्या मृत्यूनंतर वारसांच्या भांडणातून सुटून केप्लर यांच्या हाती राहिले नसते, तर ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे १६०९ साली जगास कळते ना. आणि त्यामुळे टायकोंचे नाव बुडाले काय?

कुलपात ठेवलेली वही टिकते, हीही एक समजूतच आहे. वनस्पती व प्राणी यांवरील ५१६ निबंधांच्या मूळ नोंदी आज मिळतात काय, असे काही शास्त्रज्ञांनी लेखकांस पत्रे लिहून विचारले. निबंध दोन ते बावीस वर्षांपूर्वीचे होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हिशेबाप्रमाणे, निबंध छापल्यावर दर वर्षागणिक नोंद शिल्लक असण्याची शक्यता १७ टक्क्यांनी घटते. पत्ते बदलतात, संगणक मोडीत जातात, माणसे निवृत्त होतात.

याचा अनुभव आम्हांसही आहे. ज्या शाळेत आमची बरीच नोकरी झाली तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिच्या आवारात पर्जन्यमापक होते. आमच्या आधीच्या गुरुजींनी आणि नंतर आम्ही मिळून २२ पावसाळे सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी मोजून वहीत लिहिले. निवृत्तीनंतर काही वर्षांनी आमचाच एक विद्यार्थी, जो भूजलाचा अभ्यास करीत होता, गावच्या पाझर तलावाच्या आराखड्यासाठी पावसाचे आकडे शोधीत आला. तालुक्याच्या ठिकाणचे आकडे त्यास सहज मिळाले. परंतु तालुका डोंगराच्या पलीकडे आणि गाव अलीकडे, तिकडचा पाऊस इकडे लागू पडत नाही. आम्ही त्यास घेऊन शाळेत गेलो. कपाट रंगविताना जुने दप्तर वजनावर रद्दीत घातले होते. “पावसाच्या जुन्या वह्या कोण मागणार, गुरुजी?” असे तेथील जबाबदार गृहस्थ हसून म्हणाले. मागणारा त्यांच्यासमोरच उभा होता! सरासरीची गणिते घालण्यासाठी आम्ही उतरवून घेतलेले सहा वर्षांचे आकडे घरी होते, ते त्यास दिले. सहा वर्षांवरून तलावाचा सांडवा किती रुंद ठेवावा हे सांगता येत नाही, असे तो म्हणाला. त्यास दुष्काळाचीही वर्षे हवी होती आणि पुराचीही.

नुसता आकडा जपूनही भागत नाही. साडेआठला मोजलेला पाऊस त्या दिवसाच्या तारखेपुढे लिहिला की आदल्या? आकडा मिलिमीटरचा की जुन्या पद्धतीप्रमाणे इंच व सेंटचा? मापक झाडाखाली होते की मोकळ्यावर? लिहिणाऱ्यास हे इतके परिचित असते की ते लिहावे असे त्यास सुचतच नाही, आणि दुसऱ्या शास्त्रातून आलेला पाहुणा नेमका तेथेच ठेचकाळतो. २३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेचे एक यान मंगळाजवळ पोचून नष्ट झाले. एका गटाने बलाचे आकडे पौंडांत दिले होते आणि दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये आहेत असे समजून हिशेब केला. पोरांनी उत्तरापुढे एकक लिहिले नाही की आम्ही अर्धा गुण कापीत असू, तेव्हा पालक भांडावयास येत. २०१६ साली काही शास्त्रज्ञांनी नोंदींसाठी चार कसोट्या जाहीर केल्या. त्यांचा मराठी अर्थ असा की नोंद सापडावी, हाती यावी, दुसऱ्या नोंदीशी जुळावी आणि पुन्हा उपयोगी पडावी. भारत सरकारनेही २०१२ साली, सार्वजनिक पैशाने गोळा झालेल्या व गोपनीय नसलेल्या नोंदी लोकांस खुल्या कराव्यात, असे धोरण ठरविले आहे. चौथी कसोटी पार पडणे सर्वस्वी त्या कंटाळवाण्या तपशिलावर अवलंबून आहे.

आता ज्या भागासाठी हा विषय मुद्दाम या व्यासपीठावर आणला, त्याकडे वळतो. पाऊस, चुंबक, तारे यांस लाज नसते. माणसांस असते. अमेरिकेतील ग्रँड कॅनियनच्या तळाशी राहणाऱ्या हवासुपाई या छोट्या जमातीने १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले. ते रक्त पुढे मनोविकाराच्या आणि जमातीचे पूर्वज कोठून आले याच्या संशोधनासही वापरले गेले. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे त्यांचा उगम त्या दरीतच आहे. ते न्यायालयात गेले. २०१० साली तेथील विद्यापीठाने सात लाख डॉलर देऊन तंटा मिटविला आणि रक्त परत केले. एका शास्त्रास दिलेली वस्तू न विचारता दुसऱ्या शास्त्रास दिली गेली, हेच त्यांचे गाऱ्हाणे होते.

हे आपणांस दूरचे वाटू नये. पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्ने करणाऱ्या आपल्यासारख्या ज्ञातींकडे आनुवंशिकशास्त्राचे आता विशेष लक्ष आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, हैदराबादच्या शास्त्रज्ञांचाही सहभाग असलेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूह पाहिले गेले, आणि त्यांपैकी ८१ समूह फार थोड्या पूर्वजांपासून वाढलेले आढळले. अशा समूहात एखादा दुर्मिळ दोष दाट होतो. आंध्रातील वैश्य समाजात काहींना शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्याचे एक औषध दिले, तर त्याचा अंमल तासन्‌तास उतरत नाही. हे माहीत झाल्यामुळे भूल देणारा डॉक्टर आधीच सावध राहतो. असे ज्ञान नोंदींखेरीज होत नाही. म्हणून ‘आमची वंशावळ कोणास दाखवावयाची नाही’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

परंतु नावे खोडली म्हणजे झाले, असे सांगणाऱ्या तरुणांशीही नाही. मोठ्या शहराच्या यादीतून नाव काढले की माणूस गर्दीत मिसळतो. आपली ज्ञाती ती केवढी! गाव, जन्मवर्ष, भावंडांची संख्या आणि आजार एवढे लिहिले, की आपल्या कोणत्याही मावशी पाच मिनिटांत घर ओळखतील, आणि त्या घरातील मुलीच्या लग्नाची बोलणी तेथेच थांबतील. मंडळाच्या दप्तरात वंशावळी आहेत, वधू-वर नोंदणीची पुस्तके आहेत. स्थळे पाहण्यासाठी दिलेली माहिती वैद्यकीय संशोधनास द्यावयाची झाल्यास त्या त्या कुटुंबास पुन्हा विचारले पाहिजे, कोणत्या कामासाठी ते लेखी सांगितले पाहिजे, आणि निष्कर्ष मंडळाकडे परत आला पाहिजे. नाही म्हणणाऱ्यास कारण विचारू नये. या अर्थाचा ठराव आम्ही कार्यकारी मंडळाकडे दिला आहे; त्यावर सभेत चर्चा व्हावी अशी विनंती आहे.

राहता राहिली निरुपद्रवी कागदपत्रे. कित्येक घरांच्या माळ्यावर जुन्या रोजकीर्दी असतील. त्यांत धान्याचे भाव असतील, पहिला पाऊस केव्हा पडला, विहीर कोणत्या महिन्यात आटली, आंबा केव्हा मोहरला, असे काही लिहिलेले असेल. त्या रद्दीत घालण्यापूर्वी मंडळाच्या वाचनालयात एकवार दाखवाव्यात. मूळ वही घरचीच राहील. आपला तरुण वर्ग पानांची छायाचित्रे घेऊन ती खुली करील. आमच्या सहा वर्षांच्या पावसाच्या वह्या तेथे ठेवल्या आहेत. पहिल्या पानावर मापकाची जागा, वाचनाची वेळ, एकक आणि ज्या दोन पावसाळ्यांत मापकाचे नरसाळे वाकले होते त्यांची वर्षे लिहिली आहेत. नक्कल ज्यास हवी त्याने न्यावी. मोडी लिपीतील कागद वाचण्यास आम्ही दर रविवारी सकाळी दहा ते बारा वाचनालयात बसत आहोत.